‘बनवाबनवी’ आणि भाड्याची खोली

मराठी घरांत दूरचित्रवाणीवर वारंवार लागणारे आणि लागले की घरातील सारी मंडळी समोर येऊन बसतात असे जे मोजके विनोदी चित्रपट आहेत, त्यांत ‘अशी ही बनवाबनवी’चे स्थान फार वरचे आहे. २३ सप्टेंबर १९८८ रोजी तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शन सचिन पिळगावकर यांचे, लेखन वसंत सबनीस यांचे आणि निर्मिती किरण शांताराम यांची. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, स्वतः सचिन आणि सिद्धार्थ रे हे त्यातील चार तरुण. बेर्डे आणि सिद्धार्थ रे २००४ साली गेले, घरमालकाची भूमिका करणारे सुधीर जोशी २००५ साली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांनाही त्यातील संवाद तोंडपाठ आहेत, कारण त्यांनी हा चित्रपट चित्रपटगृहात नव्हे तर घरच्या पडद्यावर, एखादी मालिका पाहावी तसा तुकड्यातुकड्याने, जेवता-जेवता पाहिलेला आहे. मध्येच सुरू करावा आणि मध्येच सोडून द्यावा, तरी काही बिघडत नाही, इतका तो ओळखीचा झाला आहे.

कथा वाचकांना ठाऊक आहेच. तरी पुढील विवेचनासाठी तिचा सांगाडा मांडतो. पुण्यात विश्वासराव सरपोतदार नावाच्या घरमालकाकडे धनंजय माने हा गृहस्थ भाड्याने राहतो. (ज्याचा कुणावर विश्वास नाही त्या मालकाचे नाव विश्वासराव, ही सबनिसांची गंमत.) धनंजयचा धाकटा भाऊ शंतनू आणि सुधीर व परशुराम हे दोन मित्र त्याच्या आश्रयाला येतात. मालकाला ते खपत नाही आणि चौघांचे बिऱ्हाड रस्त्यावर येते. पुढे लीलाबाई काळभोर या वृद्ध बाईंच्या घरी जागा मिळण्याजोगी असते, पण भाडेकरू विवाहित जोडपी असली पाहिजेत अशी त्यांची अट असते. मग सुधीर साडी नेसून धनंजयची पत्नी होतो आणि परशुराम शंतनूची. एक खोटे झाकायला दुसरे, दुसरे झाकायला तिसरे, असे करता करता सोंगाचा डोलारा उभा राहतो. शेवटी सोंग उतरते, जोड्या जुळतात आणि कुणालाही शिक्षा होत नाही.

हा विषय निघण्याचे निमित्त घडले ते आमच्या चिंचवडच्या धर्मग्रामात. सणाच्या संध्याकाळी करमणुकीच्या कार्यक्रमात या चित्रपटातील काही प्रवेश बसवावेत असे तरुणांनी सुचवले. किरकोळ वाटणाऱ्या या सूचनेवर धर्मग्राम परिषदेत चांगला तासभर वाद झाला. एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे म्हणणे असे की, खोटे बोलणाऱ्यांना शेवटी घर, नोकरी आणि नवरी सारे मिळते, हे आपण वेदीच्या अंगणात मुलांना दाखवावे काय? कुणी म्हणाले, पोटभर हसू द्या हो माणसांना, प्रत्येक ठिकाणी नीतिशास्त्र कशाला? एका तरुण विवाहितेचा आक्षेप अगदी वेगळा होता. त्याकडे पुढे येतो. मग मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक वडीलधारे गृहस्थ हळूच म्हणाले, “फादर, आम्ही हे केलेले आहे. साडी नाही नेसलो, पण ‘गावाहून कुटुंब पुढच्या महिन्यात येणार आहे’ असे सांगून चौघे जण सात महिने राहिलो.” सगळे हसले. त्यांच्या शेजारी बसलेले, चार खोल्या बांधून भाड्याने दिलेले दुसरे गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “आणि आम्ही ते भोगलेले आहे.”

त्या वेळी माझ्या ध्यानात आले की ही दुफळी वयाची किंवा शिक्षणाची नाही, धार्मिक आणि कमी धार्मिक अशीही नाही. ज्यांनी कधीतरी खोलीसाठी दार ठोठावले होते ते एका बाजूला होते, आणि ज्यांनी कधीतरी दार उघडून समोरच्याला न्याहाळले होते ते दुसऱ्या बाजूला. चित्रपट एकच, पण कोण दाराच्या बाहेरून पाहतो, कोण आतून. ही गोष्ट समजून घ्यायची तर विनोदापेक्षा घरांचा इतिहास आधी पाहावा लागतो.

‘बनवाबनवी’ची कथा मूळची पुण्याची नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिचा उगम बंगालीत आहे. शैलेश दे यांच्या ‘जय माँ काली बोर्डिंग’वरून १९५५ साली बंगाली चित्रपट निघाला. हृषीकेश मुखर्जी यांनी त्यावरून १९६६ साली हिंदीत ‘बीवी और मकान’ काढला. मराठी अवतारानंतर ती तेलुगूत १९९१ साली, कन्नडमध्ये २००३ साली आणि पंजाबीत २०१४ साली गेली. भाषा बदलली, गाणी बदलली, पण दारावरची अट बदलली नाही. फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्यांनी भरलेले कलकत्ता, गिरण्यांची आणि कचेऱ्यांची मुंबई, विद्येचे आणि कारखान्यांचे पुणे: जिथे जिथे तरुण माणसे कामासाठी आली आणि त्यांना डोके टेकायला जागा मिळेना, तिथे तिथे हे प्रहसन लोकांना आपले वाटले.

पुण्यातील टंचाईला स्वतःची कारणे होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाड्यांवर निर्बंध आले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. गरीब भाडेकरूला रस्त्यावर काढले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू न्याय्यच होता. पण वर्षे लोटली, महागाई कित्येक पटींनी वाढली आणि भाडे तेवढेच राहिले. एकदा आत आलेला भाडेकरू उठत नाही आणि त्याच्या भाड्यातून कौलेही शाकारता येत नाहीत, असे झाल्यावर मालकाने दुरुस्ती सोडली आणि नवा भाडेकरू घेण्याचेही सोडले. घेतलाच तर पागडी मागितली, किंवा हजार अटी घातल्या. त्यातच १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे पुरात गेले. भाड्याच्या या गोठलेल्या व्यवस्थेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली बोट ठेवले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला, तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढ कायदेशीर झाली. म्हणजे १९८८ सालचे सरपोतदार हे केवळ खाष्ट पुणेकर नव्हेत. ते एका कायद्याच्या कचाट्यात सापडलेले गृहस्थ आहेत. चित्रपट त्यांना हास्यास्पद करतो. इतिहास त्यांच्याकडे थोड्या कणवेने पाहील.

आता पुण्याहून पवनेच्या काठी येऊ. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. साठीच्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि पिंपरीला टेल्को उभी राहिली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. मोरया गोसावींचे हे जुने देवस्थानी गाव पाहता पाहता तीन पाळ्यांच्या भोंग्यांवर चालू लागले. कामगारांना घरे मिळावीत म्हणून १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले (ते २०२१ साली महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन झाले). पण माणसे ज्या वेगाने येत होती त्या वेगाने घरे होत नव्हती. २००१ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे १० लाख होती, २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. यांतील किती जण पहिल्या वर्षी एकेकटे आले असतील, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या घराण्यावरून करावा.

आपली माणसे त्यातच होती. नगर जिल्ह्यातील, आजच्या अहिल्यानगरातील, केंदळ, वळण, संगमनेर, हरेगाव या बाजूंची कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे इकडे आली. शेतात काम नव्हते, कारखान्यात होते. आधी घरातला एक तरुण यायचा, ओळखीच्या माणसाच्या खोलीवर पथारी टाकायचा. एका खोलीत सहा-सहा जण. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या अंथरुणावर तिसऱ्या पाळीचा येऊन झोपायचा. मग खोली शोधण्याची वणवण सुरू. गावठाणातील शेतकरी कुटुंबांनी जमिनी गेल्यावर मिळालेल्या पैशांतून पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा बांधल्या होत्या, त्यांचे दार ठोठावायचे. पहिला प्रश्न लग्न झाले आहे काय, हा असे. दुसरा गाव कोणते. आपल्या माणसांची आडनावे इतर मराठी माणसांसारखीच, त्यामुळे तिसरा प्रश्न जरा वळसा घेऊन येई: देव्हाऱ्यात कोण असते?

या तिसऱ्या प्रश्नाला दिलेली उत्तरे आमच्या वृद्धांकडून मी ऐकली आहेत. काहींनी सरळ सांगितले आणि पुढचे दार धरले. काहींनी विषय बदलला. काही घरांत मात्र क्रूस आणि पवित्र मरियेची तसबीर पहिले दोन-तीन महिने लोखंडी ट्रंकेत, कपड्यांच्या घडीखाली राहिली. मालकीणबाईंशी सलोखा झाल्यावर, एखादे दुखणेखुपणे एकमेकांनी निभावल्यावर मग क्रूस भिंतीवर आला. एक आजी मला म्हणाल्या की त्या ट्रंक उघडून रात्री कंदिलाच्या उजेडात जपमाळ करत आणि पुन्हा ट्रंक बंद करत. परशुरामाची साडी आणि आजींची ट्रंक यांत मला तरी फार अंतर दिसत नाही. दोन्ही एकाच अटीपुढे जन्मली. फरक इतकाच की साडीवर चित्रपट निघाला.

पण फसवणूक ती फसवणूकच, असे शिक्षिकाबाई म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे ख्रिस्तसभेच्या परंपरेला धरून आहे. संत ऑगस्टीन यांनी असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले, पहिला सुमारे ३९५ साली आणि दुसरा सुमारे ४२० साली. चांगल्या हेतूनेही खोटे बोलू नये, कुणाचा जीव वाचवण्यासाठीही नव्हे, इतकी कठोर त्यांची भूमिका होती. तरी दोन गोष्टी त्यांनी बाजूला काढल्या. थट्टेत बोललेले, जे थट्टा आहे हे ऐकणाऱ्याला कळते, ते त्यांनी असत्यात मोजले नाही. आणि सत्य झाकून ठेवणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, असाही भेद त्यांनी केला. आजींची ट्रंक या दुसऱ्या भेदाखाली सुखाने येते. सुधीरची साडी येत नाही.

संत थॉमस अक्विनास यांनी असत्याचे तीन प्रकार सांगितले: गमतीसाठीचे, उपयोगासाठीचे आणि कुणाचा घात करणारे. तिन्ही दोषास्पद; पण पहिल्या दोहोंचा दोष हलका आणि तिसऱ्याचा जड. आता लीलाबाईंच्या घरातील खोटे कोणत्या खणात ठेवायचे? आपण प्रेक्षक हसतो म्हणून ते गमतीचे. चौघांना छप्पर मिळते म्हणून ते उपयोगाचे. आणि एका एकट्या म्हातारीने माया लावलेली माणसे मुळात अस्तित्वातच नाहीत, हे तिला कळेल त्या दिवशी तिच्या काळजाचे काय होईल, हा विचार केला तर ते घाताचे. तिन्ही एकाच वेळी. ज्याला जो खण दिसतो त्याप्रमाणे तो हसतो किंवा गंभीर होतो.

धर्मशिक्षणाच्या इतिहासातील एक बारीक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात असत्याची व्याख्या करताना, ज्याला सत्य जाणण्याचा हक्क आहे अशा व्यक्तीला चुकीच्या समजुतीत पाडणे, असा अर्थ होता. १९९७ च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत हक्काचा हा उल्लेख गळला. धर्मपंडितांत त्यावर बरीच चर्चा झाली. पण आपल्या प्रश्नाचा गाभा त्या गळलेल्या शब्दांतच आहे. माझ्या भाडेकरूचे लग्न झाले आहे काय, हे जाणण्याचा मला हक्क आहे काय? तो कोणत्या देवाला हात जोडतो, हे जाणण्याचा? भाडे वेळेवर देईल काय, एवढेच विचारण्याचा माझा हक्क, असे बाहेर उभा असलेला म्हणेल. घर माझे, तेव्हा सारे विचारण्याचा हक्क माझा, असे आतला म्हणेल.

पवित्र शास्त्रातही अशी एक बनवाबनवी आहे आणि ती विनोदी मुळीच नाही. उत्पत्तीच्या २७ व्या अध्यायात याकोब थोरल्या भावाची वस्त्रे घालतो, हातांना आणि मानेला करडांची कातडी बांधतो आणि मंददृष्टी झालेल्या इसहाकापुढे जाऊन एसाव म्हणून उभा राहतो. आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचे, हे म्हाताऱ्याला जाणवते, तरी तो आशीर्वाद देऊन टाकतो. खुद्द ऑगस्टीन यांना हा प्रसंग अवघड गेला; ते असत्य नसून गूढ आहे, असे सांगून त्यांनी सुटका करून घेतली. पवित्र शास्त्राने मात्र याकोबाची सुटका केलेली नाही. दोनच अध्याय पुढे लाबान त्याला राहेलऐवजी लेआ देतो. वेशांतराने बापाला फसवणारा वेशांतरानेच फसतो आणि आणखी सात वर्षे राबतो. खोट्याची परतफेड तिथे पदरात पडते. प्रहसनात ती पडत नाही, आणि शिक्षिकाबाईंची खरी तक्रार हीच आहे.

वेशांतरावरच कुणी बोट ठेवील तर अनुवादाच्या २२ व्या अध्यायातील निषेध पुढे येतो: पुरुषाने स्त्रीचा आणि स्त्रीने पुरुषाचा वेश करू नये. अक्विनास यांनी याचाही विचार केला आहे. शत्रूपासून लपण्यासाठी, दुसरे वस्त्र नसल्यामुळे किंवा अशाच काही निकडीने असे केले तर दोष नाही, असे ते म्हणतात. शिवाय नटाचा व्यवसाय मुळात पापाचा नाही आणि माणसाला विसाव्यासाठी विनोदाची गरज असते, हेही त्यांनीच लिहून ठेवले. मराठी माणसाला तर हे सांगण्याचीही गरज नाही. बालगंधर्वांची स्त्रीभूमिका पाहून घरंदाज स्त्रियांनी त्यांच्या शालूची नक्कल केली, ही हकीकत फार जुनी नाही. त्या काळी पुरुषाने स्त्री होणे ही गंभीर कला होती. पुढे स्त्रिया स्वतः रंगभूमीवर आल्या आणि साडीतला पुरुष केवळ हसण्याचा विषय उरला. आचार्य अत्रे यांनी ‘चार्लीज आंट’ या १८९२ सालच्या इंग्रजी प्रहसनावरून ‘मोरूची मावशी’ रचली आणि १९८०च्या दशकात विजय चव्हाण यांनी ती गाजवली. ‘बनवाबनवी’ त्याच लाटेवर आली.

त्या तरुण विवाहितेचा आक्षेप आता सांगतो. साडीला तिची हरकत नव्हती, खोटेपणालाही नव्हती. परशुराम गरोदर बाईचे सोंग घेतो आणि त्याचे डोहाळजेवण थाटाने होते, तो प्रसंग व्यासपीठावर नको, एवढेच तिचे म्हणणे. “माझ्याबरोबर बसणाऱ्या दोघी जणी सात-सात वर्षे उपचार घेत आहेत,” ती म्हणाली, “त्या पहिल्या ओळीत बसतील.” परिषदेत क्षणभर कुणी बोलले नाही. घरमालक आणि भाडेकरू यांच्या पलीकडचे हे तिसरे दार होते, आणि ते कुणाला सुचलेही नव्हते. तो प्रसंग वगळायचे एकमताने ठरले; वादातील एकमताची ती एकच जागा. विनोद कुणाला दुखवतो हे विनोद करणाऱ्याला बहुधा कळत नाही, कारण दुखावलेला माणूस हसणाऱ्यांच्या गर्दीत उठून उभा राहत नाही.

इथे आपल्या चिमणरावांची आठवण होते. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची ‘चिमणराव’ ही मालिका मुंबई दूरदर्शनवर सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात लागली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तेही दोषांनी भरलेलेच जोडीदार, एक भित्रा आणि दुसरा फुशारक्या मारणारा. पण त्यांच्यावरून घरात तंटा झाल्याचे मला आठवत नाही. त्यांच्या दोषांचे फळ त्यांच्याच डोक्यावर पडते, शेजाऱ्याच्या नव्हे. माने आणि मंडळींच्या दोषांची झळ दुसऱ्याला लागते, आणि वाद तिथून सुरू होतो.

अमेरिकेतही अशाच एका मालिकेवर आजवर वाद चालतो. ‘साइनफेल्ड’ ही १९८९ ते १९९८ या काळात चाललेली, चार स्वार्थी आणि क्षुद्र मित्रांची १८० भागांची मालिका. १४ मे १९९८ रोजी तिचा शेवटचा भाग सुमारे ७ कोटी ६० लाख लोकांनी पाहिला. त्यात हे चौघे एका माणसाला लुटले जाताना पाहतात आणि मदत करायची सोडून त्याची टिंगल करतात. गावातील कायद्याप्रमाणे संकटातील माणसाला मदत करणे बंधनकारक असते, आणि त्या कायद्याला दयाळू शमरोन्याचे नाव असते. लूकच्या १० व्या अध्यायातला आपला शमरोनी! खटल्यात जुन्या भागांतून दुखावलेली माणसे एकेक करून साक्षीला येतात आणि चौघांना एक वर्षाचा तुरुंगवास होतो. पुष्कळ प्रेक्षक खवळले. नऊ वर्षे ज्यांच्यासोबत हसलो त्यांना शेवटी गुन्हेगार ठरवले, म्हणजे आम्हालाच ठरवले, असे त्यांना वाटले. इतर म्हणाले, बरे झाले, कुणीतरी हिशेब मागितला. आमच्या शिक्षिकाबाईंना तो शेवट पसंत पडला असता. मला स्वतःला पडत नाही. न्यायालयात रांगेने उभे केलेले साक्षीदार विनोदाला जड करतात. पण एक गोष्ट त्या लेखकाने ओळखली होती: ज्यांच्यावर आपण हसलो त्यांना बोलण्याची एकदा तरी संधी द्यावी. सरपोतदारांना ती कुणी दिली नाही.

मेक्सिकोत नाताळाआधी १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री ‘पोसादा’ नावाची प्रथा पाळतात. योसेफ आणि मरिया यांच्या प्रतिमा घेऊन लोक घरोघर फिरतात आणि दाराबाहेर उभे राहून गाण्यातून आसरा मागतात. घरातील मंडळी आतून गाण्यातूनच नकार देतात: कोण तुम्ही, चोर तर नव्हे? दोन-तीन दारी नाकारले गेल्यावर शेवटचे दार उघडते. यातली सुंदर गोष्ट अशी की धर्मग्रामातील माणसे आळीपाळीने बाहेरची आणि आतली होतात. काल ज्याने आसरा मागितला तो आज दाराच्या आतून नाही म्हणतो, आणि नाही म्हणताना कसे वाटते हेही अनुभवतो. आपल्याकडे अशी प्रथा नाही. आपण गव्हाणीचा देखावा करतो. धर्मशाळेतील ज्या माणसाने जागा नाही म्हटले, त्याची मूर्ती आजवर मी कुठल्याही गोठ्यात पाहिलेली नाही.

कारण आता आपण दाराच्या आत आलो आहोत. सत्तरीच्या दशकात ट्रंक घेऊन आलेल्यांची मुले आज थेरगाव, काळेवाडी, वाकड या भागांत दोन-दोन सदनिकांची मालक आहेत. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत आणि चाकणच्या मोटार कारखान्यांत काम करणारी मुले त्यांच्याकडे खोली मागायला येतात. अकरा महिन्यांचा करार असतो, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद असते, भाडे कायद्याची जुनी भीती उरलेली नाही. तरी चर्चच्या सूचनाफलकावर लावायला येणाऱ्या चिठ्ठ्यांत आजही लिहिलेले असते: फक्त कुटुंबाला. त्यामागे कारणे असतात, ती नाकारत नाही. रात्रीचा गोंगाट, बाटल्या, शेजाऱ्यांच्या तक्रारी, सोसायटीच्या सभेत ऐकावे लागणारे बोल. ज्याने तीन महिन्यांचे भाडे बुडवून पळालेले भाडेकरू पाहिले आहेत, त्याला उपदेश करणे सोपे नाही.

गेल्या उपवासकाळात झारखंडचे चार तरुण माझ्याकडे आले. चौघेही कॅथलिक, चाकणला कंत्राटदाराकडे कामाला. दर रविवारी हिंदी मिस्सेला मागच्या बाकावर बसत. सहा ठिकाणी नकार मिळाला होता, त्यांत दोन घरे आपल्याच माणसांची. त्यांच्यातील थोरल्याने विचारले, “फादर, आम्ही सख्खे चुलतभाऊ आहोत आणि थोरल्याची बायको गावाहून येणार आहे, असे सांगितले तर चालेल काय?” त्याने हा चित्रपट पाहिलेला नव्हता. मी त्यांना तसे सांगू नका म्हटले आणि त्यांच्याबरोबर स्वतः निघालो. दोन दारी माझ्या झग्याचाही उपयोग झाला नाही. पैकी एका घरात मी कैकदा जेवलो आहे. शेवटी कुरुळीच्या बाजूला एका वारकरी गृहस्थांनी खोली दाखवली. त्यांनी चौघांची नावे विचारली, काम विचारले, गळ्यातले क्रूस पाहिले आणि एकच अट घातली: खोलीत मांस-मच्छी शिजवायची नाही. मुलांनी होकार दिला. रविवारी मिस्सा आटोपल्यावर ते चौघे खानावळीत मटण खातात, आणि मग खोलीवर जातात.